कॉलेजात निवडणूक नाही, वक्तृत्व स्पर्धा मात्र दर महिन्याला

कट्टेकर (धागाकर्ता)

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत खुल्या निवडणुका बंद होऊन तीस वर्षं उलटली. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. मारामाऱ्या, पळवापळवी त्याआधीपासून चालूच होती. शेवटी १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विषयच मिटवला. वर्गात पहिला येईल तो सीआर (वर्गप्रतिनिधी), सीआर मंडळी आपसात निवडतील तो जीएस (कॉलेजचा विद्यार्थी सचिव), आणि बाकीच्यांनी गॅदरिंगला टाळ्या वाजवायच्या. पुढे विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, त्यात कलम ९९ खाली थेट निवडणुका परत आल्या. कागदावर. २०१९ मध्ये घ्यायचं ठरलं, विधानसभा तोंडावर आली म्हणून पुढे ढकललं, मग कोविड आला. त्यानंतर सरकारं बदलली, पण या विषयाची घाई कुणालाच दिसली नाही.

पण मला निवडणुकीपुरतं बोलायचं नाही. कॅम्पसवरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की गाडी थेट जेएनयूवर जाते. फेब्रुवारी २०१६, घोषणा, राजद्रोह, टीव्हीवरचा आरडाओरडा. ते महत्त्वाचं आहेच. पण तालुक्याच्या कॉलेजात बीए करणाऱ्या मुलाला राजद्रोहाची भीती नसते हो. त्याला भीती असते इंटर्नलच्या मार्कांची, टर्म ग्रँट न होण्याची (म्हणजे परीक्षेला बसू न देण्याची), घरी फोन जाण्याची आणि प्रवेशाच्या वेळी न वाचता सही केलेल्या त्या हमीपत्राची. यातलं काहीच कोर्टात जात नाही, त्यामुळे पेपरातही येत नाही.

आणि राजकारण कॅम्पसवरून गेलं म्हणावं तर तसंही नाही. संस्थाचालक आमदार, त्यांचे चिरंजीव इच्छुक, गेटवर वाढदिवसाचे फ्लेक्स, इमारतीच्या उद्घाटनाला पालकमंत्री आणि मांडव भरायला एनएसएसची मुलं. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटची पदवीधर गटाची निवडणूक आठवा. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ऐनवेळी थांबवली, लोक उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने घ्यायला लावली आणि ठाकरेंच्या युवासेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी पक्षाच्या पॅनलवर लढलेलं चालतं, पण आत शिकणाऱ्याने स्वतःचा वर्गप्रतिनिधी मत देऊन निवडला तर शैक्षणिक वातावरण बिघडतं!

माझं म्हणणं एवढंच: राजकारण आहे तिथेच आहे, त्यातून फक्त विद्यार्थी वजा झाला. तुमच्या कॉलेजात काय बोलता यायचं, आता काय बोलता येतं, ते लिहा. कॉलेजची नावं टाळा, उगाच कुणाला त्रास नको.

सरळसोट

पहिला नंबर माझा.

कट्टेकर, तुम्ही वर्षाची फी भरता का कुणाची? मी भरतो. मुलाने तिथे शिकावं, कॅम्पसमधून नोकरी घ्यावी आणि बाहेर पडावं. ज्याला भाषणं करायची त्याने गेटच्या बाहेर करावीत, बाहेर कुणी अडवलंय? विद्यार्थी संघटना म्हणजे पक्षांचे फुकटचे सतरंजी उचलणारे. त्यातला एखादा नगरसेवक होतो, उरलेले केसेस अंगावर घेऊन पासपोर्ट अडकल्यावर वकील शोधत बसतात. १९९४ साली जे केलं ते उत्तम केलं.

जुना_जीएस

सरळसोट, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, कारण मी ते आतून पाहिलंय.

ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मी जीएस होतो. आमच्याकडे आधी सीआर निवडून यायचे आणि मग त्यांनी जीएसला मत द्यायचं. त्यामुळे सीआरची निवडणूक संपली की दुसऱ्याच दिवशी त्यांची "सहल" निघायची. जीप यायची, कपड्यांची पिशवी घ्यायलाही वेळ नसायचा. एका उमेदवाराच्या काकांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, अकरा पोरं चार दिवस पत्ते खेळत बसलेली मी स्वतः पाहिलीत. त्यातल्या एकाचे वडील रडत पोलीस ठाण्यात गेले होते. मतदानाच्या दिवशी त्यांना थेट कॉलेजच्या दारात उतरवलं, दोन्ही बाजूंना माणसं उभी. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाला जे चालतं त्याची ही तालीमच. तेव्हा "ते सुवर्णयुग" वगैरे कुणी लिहू नये.

आता उरलेलं अर्धं. तो नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याच्या वादाचा काळ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं आमच्याकडच्या कुठल्याही कॉलेजात तटस्थ नावाचा प्राणी नव्हता. मी सवर्ण घरातला, नामांतराच्या बाजूचा. वसतिगृहातल्या दलित मुलांची मतं हवीत म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेलो, हे खरं कारण आहे, त्याला मुलामा देत नाही. दोन तास मला उभं-आडवं झापलं. "ठराव होऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या गल्लीत तुम्ही एकदा तरी याबद्दल बोललात का?" असं एकाने विचारलं. मत नको असतं तर मी त्या खोलीत गेलो नसतो आणि हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसता.

गुणवत्तेवर नेमलेल्या सीआरला कुणाच्याच खोलीत जावं लागत नाही.

निरंजना

जुना_जीएस काका, शेवटच्या वाक्याला +१.

अवांतर: गुणवत्तेवर सीआर नेमायचा, तर तो बिचारा अभ्यासू असतो आणि त्याला हे काम मुळीच नको असतं. आमच्या वर्गातली सीआर मुलगी वर्षभर फक्त झेरॉक्सचे पैसे गोळा करत होती.

खडूफळा

मी एका अनुदानित कॉलेजात मराठी शिकवतो. भित्तिपत्रकाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यावर लिहितो.

काचेची पेटी, तिला कुलूप, किल्ली ऑफिसात. मुलांनी मजकूर दिला की आधी माझी सही, मग विभागप्रमुखांची, मग उपप्राचार्यांची. तीन सह्या झाल्याशिवाय शिपाई पेटी उघडत नाही. मागे एका मुलाने वसतिगृहाच्या पाण्यावर कविता लिहिली. कविता म्हणून बेतास बात होती, पण त्यात एक ओळ होती: टाकीवर देणगीदाराचं नाव आहे, टाकीत पाणी नाही. दोन सह्या झाल्या. तिसऱ्या ठिकाणी मला बोलावलं गेलं. कुणी रागावलं नाही, चहा दिला. "सर, मुलगा चांगला आहे, त्याचं नुकसान व्हायला नको," एवढंच म्हणाले. मी बाहेर येऊन त्या मुलाला सांगितलं की ओळ काढ. त्याने ती काढली नाही, ब्लेडने कागद खरवडला. पेटीत कविता लागली तेव्हा तिथे पांढरा खडबडीत पट्टा दिसत होता आणि सगळं कॉलेज तो पट्टा बघायला येऊन गेलं.

सांगायचं असं की बंदीचा आदेश कधीच निघत नाही. लेखी काही नसतं. "तुझं नुकसान व्हायला नको" या वाक्यावर सगळी व्यवस्था चालते, आणि ते बोलणाऱ्याला बहुतेक वेळा खरंच वाटत असतं की आपण मुलाचं भलं करतोय. मीही त्या साखळीत आहे. माझी वेतननिश्चिती, माझी पदोन्नतीची फाइल त्याच टेबलावरून जाते. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांबद्दल तर बोलायलाच नको. ज्याचं पुढच्या वर्षाचं नेमणूकपत्र जूनमध्ये येईल की नाही हे ठाऊक नाही, तो वर्गात आणीबाणीवर प्रश्न आला तरी "हे परीक्षेला नाही" म्हणून पुढे जातो.

टीवायवाली

मी सध्या शिकतेय, त्यामुळे ताजा माल माझ्याकडे.

सर, तुमच्याकडे निदान पेटी आहे. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ओन्ली ॲडमिन्स. परीक्षा फॉर्मची लेट फी वाढली, सगळ्यांना राग आलेला, पण विचारणार कुठे? ग्रुपवर फक्त अंगठा देता येतो. एकीने स्टेटसला लिहिलं तर मेंटॉर मॅडमचा पंधरा मिनिटांत फोन. मॅडम तिच्या स्टेटसमध्ये होत्याच, वरून आणखी तिघींनी स्क्रीनशॉट पाठवले होते. म्हणजे वरून नजर ठेवायची गरजच नाही, आम्हीच एकमेकींना पुरवतो.

आणि गंमत बघा, मी वक्तृत्व स्पर्धांमधली मुलगी आहे. दर महिन्याला कुठे ना कुठे जाते. विषय असतात "लोकशाहीपुढील आव्हाने", "तरुणाई आणि राजकारण", "व्यक्त होताना". सात मिनिटं, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा. आणि पत्रिकेवर खाली नियम: कोणताही पक्ष, धर्म, जात, व्यक्ती यांच्यावर टीका करू नये. मग लोकशाहीपुढचं आव्हान नक्की कोण, पाऊस? सगळे जण त्याच चार शेरांवर आणि शिवरायांच्या त्याच प्रसंगावर भाषण उचलतात, शेवटी आवाज चढवतात, बक्षीस घेतात. परीक्षकांनी आजवर मला एकदाही विचारलं नाही की तू म्हणतेस त्याला पुरावा काय. मला आता टाळी कुठे येणार ते आधीच कळतं. ही तयारी बोलण्याची आहे की न बोलण्याची?

सरळसोट

टीवायवाली, भाषण छान झालं, बक्षीस द्या हिला.

पण तूच सांगितलंस की स्क्रीनशॉट मैत्रिणींनी पाठवले. मग दोष कॉलेजला कशाला? उद्या निवडणूक झाली तर ह्याच मैत्रिणी दोन पॅनलमध्ये जाऊन एकमेकींचे स्क्रीनशॉट काढतील.

टीवायवाली

काढतील ना काका. पण तेव्हा त्यांना माझं मतही मागायला यावं लागेल. आत्ता फक्त मॅडमची मर्जी लागते.

वकिली_बाणा

धागा भावनेवर जायच्या आत थोडं कायद्याचं.

१. लिंगडोह समिती. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. पदवीसाठी उमेदवाराचं वय १७ ते २२, संशोधकाला २८ पर्यंत. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. छापील पोस्टर नाही, हाताने केलेलीच. राजकीय पक्षाचा पैसा नाही. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. ७५ टक्के हजेरी, विषय राहिलेले नकोत, आणि पदाधिकाऱ्याच्या जागेसाठी आयुष्यात एकच संधी. जुना_जीएस म्हणतात त्या जीप आणि आखाड्यांवर उपाय सुचवून झाला आहे. तो सगळीकडे पाळला जातो असं मी म्हणत नाही, दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीतले पोस्टर आणि गाड्या जगाने पाहिल्यात. २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने भिंती साफ होईपर्यंत मतमोजणीच रोखून धरली होती. पण "हिंसा होते म्हणून निवडणूक नको" हे उत्तर न्यायालयाने स्वीकारलेलं नाही, एवढं लक्षात घ्या.

२. कलम १९(१)(अ) चा हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहे. सरकारी विद्यापीठाने गळा दाबला तर थेट तो मुद्दा घेता येतो. खासगी विनाअनुदानित कॉलेज सहसा म्हणतं, आम्ही "राज्य" नाही. मात्र शिक्षण हे सार्वजनिक स्वरूपाचं काम असल्याने कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचं दार पूर्ण बंद नसतं. मे २०२५ चं पुण्याचं प्रकरण पाहा. एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एक पोस्ट पुढे पाठवली, थोड्या वेळात काढून माफीही मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले, तिला सोडायला लावलं, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू दिलं. पोस्ट बरोबर होती की चूक, हा वाद तिथे गौण ठरला. बाजू न ऐकता शिक्षा दिली, हे कळीचं होतं.

३. दरवेळी असंच होतं असं नाही. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एका पीएचडी विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या मोर्चात संस्थेचं नाव वापरल्याचा मुद्दा त्यात होता. उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निलंबन चूक ठरवलं नाही, फक्त भोगलेला काळ पुरेसा म्हणून शिक्षा तिथे थांबवली. म्हणजे सुटका झाली, तरी तत्त्वावर विजय झाला नाही. वर्ष गेलं ते गेलंच.

दूरदेशी

इकडे अमेरिकेत १९६७ चा शिकागो विद्यापीठाचा काल्व्हेन अहवाल आहे. त्याचा गाभा असा की टीका करणारे विद्यापीठात राहतात, विद्यापीठ स्वतः टीकाकार होत नाही. म्हणजे संस्थेने राजकीय भूमिका घ्यायची नाही, ती घ्यायची मोकळीक प्राध्यापक-विद्यार्थ्यांना. आपल्याकडे नेमकं उलटं वाटतं मला. संस्थेची भूमिका गेटवरच्या फ्लेक्सवर असते आणि तटस्थ राहायला विद्यार्थ्याला सांगतात.

सरळसोट

तरी मी म्हणत होतो, अमेरिका अजून कशी आली नाही. तिकडे २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने तंबू ठोकणारी पोरं काढायला पोलीसच बोलावले होते ना? अहवाल कुठल्या कपाटात होता तेव्हा?

दूरदेशी

बोलावले होते, आणि त्यावर इथे अजून भांडणं चालू आहेत. अहवाल शिकागोचा, तंबू न्यूयॉर्कचे. पण तुमचा टोला बसला हे मान्य.

प्राजक्त

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. आपण सगळे "व्यवस्थापन विरुद्ध विद्यार्थी" असं धरून चाललोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात काय झालं? रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर मुलांचं नाटक होतं. अभाविपच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला. त्यानंतर अटक कुणाला, तर विभागप्रमुखांना आणि नाटकातल्या पाच विद्यार्थ्यांना. प्रयोग बंद पाडणारे विद्यार्थी संघटनेचेच होते, वरून आदेश देणारं कुणी व्यवस्थापन नव्हतं.

आणि हे एकाच रंगाचं दुखणं नाही. मी ज्या विद्यापीठात होतो तिथे डाव्या गटाचा जोर होता. तिथे कुणी उलट बोललं की त्याला बैठकीत हसून बसवायचे आणि नंतर मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसत नसे. पोलीस केस आणि मेसमधलं टेबल यांची मी बरोबरी करत नाहीये, उगाच तलवारी काढू नका. पण आपल्याकडे विरोधकाला ऐकून मग खोडून काढायची सवय कुणालाच लावलेली नाही. निवडणूक आली म्हणजे ती आपोआप येईल, ह्यावर माझा विश्वास नाही.

जुना_जीएस

प्राजक्त, आपोआप येत नाही. पण दुसरा रस्ता दाखवा. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादला अभियांत्रिकी कॉलेजातली पोरं मेसचं बिल वाढलं म्हणून भडकली. त्यातून गुजरातचं नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मेसचं बिल ते मुख्यमंत्री, दोन महिने. त्यातही जाळपोळ झाली, माणसं मेली, ते झाकायचं कारण नाही. गाऱ्हाणं ऐकायला आत कुणी बसलेला नसला की ते रस्त्यावर जातं, आणि रस्त्यावर कुणाचं नियंत्रण राहत नाही.

खडूफळा

प्राजक्त यांचा मुद्दा वर्गात रोज दिसतो. मी वादविवादात मुलांना ऐनवेळी बाजू बदलायला लावतो, अनुकूलवाल्याने प्रतिकूल बोलायचं. पहिल्या वर्षाची मुलं अक्षरशः गोंधळतात, "सर, पण हे माझं मत नाही" म्हणतात. तिसऱ्या वर्षापर्यंत काहींना मजा यायला लागते. हे मी करू शकतो कारण त्यासाठी कुणाची सही लागत नाही.

कट्टेकर

बरेच मुद्दे आले. सरळसोट, तुम्ही फी भरता म्हणून विचारतो: परीक्षा फॉर्मची लेट फी वाढली तर तुमच्या मुलाने कुणाला विचारायचं?

सरळसोट

मी स्वतः जाऊन विचारीन.

निरंजना

आणि ज्याचे वडील ऊसतोडीला गेलेत त्याने?

सरळसोट

हा मुद्दा ठीक आहे. पण त्याला तक्रार समिती हवी, पॅनल कशाला?

वकिली_बाणा

तक्रार समिती आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. जादा फी, मूल्यमापन, कागदपत्रं अडवणं, छळ हे सगळं तिच्या कक्षेत येतं. गोम अशी की समितीवर प्राध्यापक बसतात आणि विद्यार्थ्यांचा जो एक प्रतिनिधी असतो तो विशेष निमंत्रित, तोही अभ्यास, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवरून नेमलेला. म्हणजे फिरून तिथेच आलो.

टीवायवाली

वकीलसाहेब, एक प्रश्न. आम्ही चौघी लेट फीबद्दल त्या समितीकडे अर्ज द्यायचं म्हणतोय. ऑफिसवाले अर्ज घेतात पण पोच देत नाहीत. "ठेवून जा, साहेब बघतील."

वकिली_बाणा

ठेवून जायचं नाही. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मागा. नाहीच दिला तर तोच अर्ज प्राचार्यांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा, वर विषय स्पष्ट लिहा, पावती जपून ठेवा. सोबत ईमेल करा, त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. अर्जात आरोप, विशेषणं नकोत: कोणती फी, आधी किती, आता किती, कोणत्या परिपत्रकाने वाढवली ते कळवावं. परिपत्रक विद्यापीठाचं असेल तर त्याची प्रत मागा, कॉलेजने आपल्या मनाने वाढवली असेल तर तिथेच कळेल. आणि चौघींनीच कशाला, वर्गातल्या जितक्या जणी सही करतील तितक्या घ्या.

टीवायवाली

सह्यांचं अवघड आहे, पण बघते. सीआरला विचारलं तर म्हणाली, "माझं नाव पहिलं नको."

निरंजना

मग गोलात सह्या घ्या. पहिलं नाव कुणाचं ते कळणारच नाही.